रिकामी वर्षं

"ताई, तेराव्या वर्षी पोरगं सगळ्यांना हरवत होतं. आता सतरावं सरत आलं आणि जागच्या जागी अडकलंय. अजून धीर धरायचा, की आता पुरे म्हणायचं?"

हा प्रश्न मला खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून सतत येतो. खेळ बदलतो, वय थोडं पुढेमागे होतं, पण प्रश्न हाच. या वेळी खेळ होता गोल्फ, आणि विचारणारे बाबा मूळचे नाशिकचे, हेलसिंकीशेजारच्या एस्पोत आयटीत नोकरी करणारे. मीही इथेच मराठी कुटुंबांसाठी समुपदेशन करते. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

डिसेंबरातली दुपार होती. तीन वाजताच बाहेर अंधारून आलं होतं. बाबांनी लॅपटॉप उघडून हिशेब दाखवला: हिवाळ्यातल्या हॉलचं भाडं, कोचची फी, स्पर्धांचा प्रवास. फिनलंडच्या दक्षिणेतही गोल्फ कोर्स एप्रिलअखेर ते ऑक्टोबर एवढेच उघडे असतात, बाकीचे महिने छताखाली जाळीत चेंडू मारायचे. म्हणजे खर्च बारा महिने आणि मोकळं मैदान सहाच महिने. सलग तिसऱ्या हंगामात मुलाने एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. आई एवढंच म्हणाल्या, "आम्हीच त्याला याच्यात ढकललं का, हे मला रात्री झोपू देत नाही."

मी कोरा कागद घेतला आणि एक आडवी रेघ ओढून तिच्यावर एका माणसाची वर्षं मांडली. नाव सांगितलं नाही. २०००, वय वीस: इंग्लंडात हॉयलेकला ब्रिटिश अमॅच्युअर, म्हणजे हौशी गोल्फरांची स्पर्धा जिंकली, त्याच्या देशातून हे करणारा पहिलाच. २००१: व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी रॉयल लिथमच्या ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त नववा आला. मग २००२, २००३, २००४, २००५, २००६. या वर्षांपुढे मी काहीच लिहिलं नाही, कारण या काळात युरोपियन टूरवर, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मुख्य मालिकेत, त्याच्या नावावर एकही विजय नाही.

"तुम्ही याचे वडील असता तर कोणत्या वर्षी थांबवलं असतं?"

बाबांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "दोन हजार चार. फार तर पाच."

मग मी रेघ पुढे नेली. २००७: फेब्रुवारीत जकार्ताला पहिला विजय, युरोपियन टूरवर जिंकणारा पहिला फिनिश माणूस. त्याच वर्षी स्वीडनमध्ये स्कँडिनेव्हियन मास्टर्स. मग पुन्हा पाच वर्षं रिकामी. २०१३ मध्ये नॉर्डिया मास्टर्स. २०१४ मध्ये कॉर्कजवळ फोटा आयलंडला आयरिश ओपन, आणि त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड मॅच प्लेच्या अंतिम सामन्यात स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सनला हरवलं. तेव्हा वय चौतीस. हा मिक्को इलोनेन, लाहतीचा. लाहती म्हणजे स्की-जंपिंगचं गाव, जिथे लोक मान वर करून उडी बघतात. तिथून एक गोल्फर निघाला, हेच मला फार भावतं.

आईंचा चेहरा उजळला. बाबा मात्र हिशेबी माणूस. "म्हणजे धीर धरला की फळ मिळतं, असंच ना?"

"नाही," मी म्हटलं.

इथे मला थांबावंच लागतं, कारण याच ठिकाणी बहुतेक पालकांची गल्लत होते. युरोपातल्या मोठ्या टूरवर टिकायचं तर दर वर्षी क्रमवारीत ठराविक आकड्याच्या आत राहावं लागतं. नाही राहिलात की खेळायचा हक्क, ज्याला ते कार्ड म्हणतात, तो जातो आणि खालच्या टूरवरून किंवा पात्रता स्पर्धेतून पुन्हा वर चढावं लागतं. त्या चढावर कितीतरी जण कायमचे थांबतात. त्यांची नावं आपल्याला माहीतही नसतात. इलोनेनची रिकामी वर्षं आणि त्यांची रिकामी वर्षं कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून नुसत्या रिकाम्या वर्षांकडे बघून पुढचं काहीच कळत नाही, ना 'सोडा' म्हणून, ना 'थांबा' म्हणून. ज्या माहितीवर बाबा निर्णय घ्यायला निघाले होते, ती माहितीच अपुरी होती. हवी ती माहिती मुलाकडे होती, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी तो एकटा आला. उंच, लाजरा, मराठी छान पण मधूनच फिनिश शब्द. कागद त्याच्यापुढे ठेवला तर नाव न वाचताच म्हणाला, "इलोनेन." मग स्वतःहून सामी व्हॅलिमाकीवर आला. नोकिया गावचा हा खेळाडू त्याचा देव. २०२० मध्ये ओमान ओपन जिंकला, युरोपियन टूरवरच्या अवघ्या सहाव्या स्पर्धेत. पुढचा विजय थेट २०२३ च्या ऑक्टोबरात, कतारला. मग २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आरएसएम क्लासिक, पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक मालिकेत, जिंकलेला पहिला फिनिश खेळाडू. "सगळे जिंकलेले तीनच आठवडे बघतात," तो म्हणाला. "मधले आठवडे कुणी बघत नाही."

मी पेन्सिल पुढे केली. "मधे काय असेल? तूच लिही."

त्याने इलोनेनच्या रिकाम्या वर्षांखाली बारीक अक्षरात लिहिलं: कट हुकला. विमानतळ. पटिंग. पटिंग. घरी फोन. पुन्हा कट हुकला. (कट हुकला म्हणजे स्पर्धेच्या मध्यावरच बाहेर; पटिंग म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, ग्रीनवर, चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालणं.)

"घरी फोन" पाशी मी बोट ठेवलं. "हा फोन कसा असेल?"

तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा झाला. हरण्याचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. कोर्सवरून घरी येईपर्यंतची चाळीस मिनिटं त्याला नको वाटायची. गाडीत बसल्या बसल्या बाबा होल नंबर एकपासून सुरू करायचे: इथे ही काठी का घेतलीस, तिथे एवढा छोटा पट कसा चुकला. बाबा प्रेमापोटीच विचारायचे, हेही त्याला कळत होतं. "म्हणून तर त्यांना थांब म्हणता येत नाही," तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने अगदी सहज सांगितली, जणू काही विशेष नाही. उन्हाळी नोकरी म्हणून तो मागच्या वर्षी आपल्याच क्लबात गवत कापायला जायचा, पहाटे पाचला. काम संपलं की घरी येऊन झोपायचा आणि संध्याकाळी पुन्हा ग्रीनवर, रात्री दहाच्या उजेडात, एकटाच. स्पर्धा नसतानाही. हे आईबाबांना माहीत होतं का? "ते झोपलेले असतात."

मला हवी ती माहिती हीच होती. स्पर्धा जिंकत नसतानाही, कुणी सांगितलं नसताना मूल पुन्हा तिथे जातं का? जात असेल तर तो खेळ अजून त्याचा आहे, मग तो व्यावसायिक होवो वा न होवो. जात नसेल, फक्त आपण गाडी काढतो म्हणून येत असेल, तर तेराव्या वर्षीच्या ट्रॉफ्या कपाटात असल्या तरी थांबायला हरकत नाही. त्यात कुणाची हार नाही.

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा त्याची परवानगी घेऊन मी पहाटेची आणि रात्रीची गोष्ट सांगितली. गाडीचं मात्र त्याने स्वतः सांगितलं, टेबलाकडे बघत. बाबा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला वाटायचं, मी गप्प बसलो तर तुला वाटेल बाबांना काही पडलेलीच नाही." आईंनी पदर डोळ्यांना लावला.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. गाडीत गोल्फचा विषय फक्त मुलगाच काढेल. लुकिओच्या, म्हणजे इथल्या बारावीपर्यंतच्या शाळेच्या, शेवटच्या परीक्षेच्या काळात स्पर्धा कमी, सराव त्याला वाटेल तेवढा. आणि हॉलच्या भाड्याचा काही वाटा तो उन्हाळी कमाईतून देईल. ही तिसरी मागणी त्याचीच होती. पुढे व्यावसायिक व्हायचं की नाही, यावर आम्ही मुद्दामच काही ठरवलं नाही.

मे महिन्यात आईंचा फोन आला. पहिल्या स्पर्धेत तो मधल्या फळीतच राहिला होता. परतीच्या वाटेवर अर्धा तास गाडीत कुणी काही बोललं नाही. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणाल्या. मग घराचं वळण आलं तेव्हा मागून आवाज आला, "बाबा, सातव्या होलवर काय झालं सांगू?"