सासूबाई शेजारी होत्या म्हणून

आक्का, मी निपाणीची. वर्षभर नैराश्यावर सर्ट्रालिन घेते. दसऱ्याला डॉक्टरांनी ५० ची १०० केली, तेव्हापासून मन पुष्कळ बरं आहे. पण दिवाळीपासून मी रात्री दात खाते. सकाळी जबडा धरलेला असतो, एका दाढेचा टवका उडाला. सासूबाईंनी जंताचं औषध दिलं, फरक नाही. दातांच्या डॉक्टरांनी कसल्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. सासूबाई शेजारी होत्या म्हणून नाही म्हटलं. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्यात, पुढच्या आठवड्यात कॅप बसवणार. यजमान फार समजूतदार आहेत. कोल्हापूरहून गोळ्या तेच आणतात, फक्त आईला कळू द्यायचं नाही म्हणतात. माझ्या मनात काही राग दबलाय का?

पोरी, रागाचं नंतर बघू. तू ‘नाही’ म्हणालीस, त्याचं आधी बोलू.

दसरा ते दिवाळी वीसेक दिवस. या जातीची गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत काही जण झोपेत दात खायला लागतात. गोळीनं मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा जोर वाढतो, त्यानं डोपामिन हे दुसरं रसायन दबतं आणि जबड्याच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो, असं डॉक्टर मानतात. यात जंतांचा काही संबंध नाही आणि तुझ्या स्वभावाचा तर नाहीच.

दातांच्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता! खरं उत्तर मिळालं असतं तर त्यांनी कॅपच्या आधी कोल्हापूरच्या तुझ्या डॉक्टरांना विचारायला लावलं असतं. आता नवी कॅपसुद्धा तू झोपेत चावून फोडशील. आणि त्या दुखण्याच्या गोळ्या! आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक सर्ट्रालिनच्या जोडीनं घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तुझं ‘नाही’ ऐकून त्यांनी चिठ्ठी लिहिली. त्यांचा काय दोष?

यजमानांना तू समजूतदार म्हणतेस, मला तसं वाटत नाही. आईला कळू नये म्हणून बायकोला दवाखान्यात खोटं बोलावं लागतं, तरी ते गप्प. वर तपासायला आईलाच सोबत धाडतात. गोळ्या आणून दिल्या म्हणजे साथ दिली असं नव्हे. रक्तदाबाची गोळी असती तर लपवली असती का गं?

उद्या दातांच्या डॉक्टरांकडे एकटी जा. गोळ्यांचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेव आणि सांग, मागच्या वेळी मी खोटं बोलले. ते रागावणार नाहीत, त्यांना असं रोज भेटतं. कॅप थांबव. रात्री दातांवर घालायचा गार्ड ते बनवून देतील. त्यानं दात खाणं थांबत नाही, पण दाढा वाचतात.

सर्ट्रालिन मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, अर्धीसुद्धा करायची नाही. एकदम सोडली तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं आणि मुश्किलीनं सावरलेलं मन पुन्हा खचू शकतं. डोस उतरवायचा, गोळी बदलायची की जोडीला बुस्पिरोन नावाची दुसरी गोळी द्यायची, हे कोल्हापूरचे डॉक्टर ठरवतील. योग्य बदल झाला की बहुतेकांचं दात खाणं काही आठवड्यांत थांबतं. मध्येच मन फार बुडालं तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात.

दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडलीस की तिथूनच कोल्हापूरला फोन कर. तू स्वतः कर, यजमानांकरवी नको.