क्युनिफॉर्म : 'बाणाकृती' की 'कीलाकार'?

प्रश्न असा आहे : 'सुमेरी लोकांनी भाजलेल्या विटांवर कोरलेली बाणाकृती लिपी' असं एका लेखात वाचलं, क्युनिफॉर्मला, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरी लोकांपासून सुरू झालेल्या लिपीला, हा शब्द चालेल का?

'बाणाकृती' काही ठिकाणी दिसतो, पण मला 'कीलाकार' किंवा 'कीलाक्षर'च पटतो. मूळ लॅटिन 'क्युनिअस' म्हणजे पाचर. संस्कृत 'कील' या शब्दात खुंटी, खिळा आणि पाचर हे तिन्ही अर्थ सामावतात. आपले 'खिळा' आणि 'खीळ' त्याच कुळातले. शिवाय ही खूण बाणाची मुळी नाहीच. ओल्या मातीत छाटलेल्या बोरूचा कोपरा तिरका दाबला, की कोपऱ्याशी खोल त्रिकोण उमटतो आणि पुढे निमुळती होत जाणारी रेघ. झाली पाचर!

म्हणूनच माझी खरी हरकत 'कोरलेली' या क्रियापदाला आहे. इ.स.पू. ३३०० च्या सुमारास उरुक या सुमेरी शहरात जव, बिअर, मेंढ्या यांचे हिशेब लिहिताना टोकदार काडीने चित्रं ओढत. पण ओल्या मातीत वळणदार रेघ ओढली की कडेला माती उचकटते. हळूहळू ओढणं सुटलं, दाबणं आलं, आणि जवाच्या कणसाचं चित्र चार-दोन पाचरींचं चिन्ह होऊन बसलं. लिपीचं सगळं रूप या दाबण्यातून आलंय, तेव्हा 'उमटवलेली' म्हणावं. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारियस या पर्शियन सम्राटाचा लेख मात्र खडकात आहे; तिथे 'कोरलेला'च बरोबर.

'भाजलेल्या विटा'ही बहुतेक वेळा चूक. राजांच्या नावाचे ठसे असलेल्या विटा सापडतात, पण हिशेब आणि पत्रं असायची ती मातीच्या पाट्यांवर, कित्येक तर तळहातात मावतील एवढ्या. त्या बहुधा नुसत्या वाळवत. नको झालेली पाटी भिजवून तीच माती पुन्हा वापरता येई. इ.स.पू. ६१२ मध्ये अ‍ॅसिरियाची राजधानी निनेवे जळाली तेव्हा तिथल्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या कितीतरी पाट्या त्या आगीतच भाजल्या गेल्या आणि टिकल्या. 'मृत्तिकापट्टिका' शब्द अचूक आहे, पण 'मातीची पाटी' म्हटल्याने काही बिघडत नाही.

आणि 'सुमेरी लिपी' म्हणताना जरा जपून. हीच लिपी पुढे अक्कादी आणि हित्ती भाषांनी उचलली. अक्कादी सेमिटिक कुळातली, हित्ती इंडो-युरोपीय, आणि सुमेरीचं या दोघींशी काहीच नातं नाही. त्यामुळे पाटी कोणत्या भाषेतली आहे, ते वेगळं सांगावंच लागतं.