पहिली बाहुली घेण्याआधी

कॅनडातल्या आदिवासींची पहिलीच बाहुली घेताय ना? मग आधी हुंगून बघा. हसू नका! तिथल्या क्री आणि नास्कापी या जमातींच्या बायका कातडं धुरी देऊन कमावतात. तो वास वर्षानुवर्षं टिकतो. पण वास नाही म्हणजे बाहुली खोटी, असंही नाही. कित्येकींचे कपडे लोकरी किंवा चौकड्यांच्या कापडाचे असतात.

जेम्स बे या कॅनडातल्या उपसागराच्या भागातल्या क्री बाहुलीला मणीकामाचं टोपडं असेल तर थांबून नीट बघाच. मोठ्या बायका गडद बनातीवर (जाड लोकरी कापडावर) फुलं-वेली भरलेली अशीच टोपडी घालत.

नास्कापींचा रंगवलेला कॅरिबू-कातड्याचा (कॅरिबू म्हणजे उत्तरेकडचं रेनडिअर हरीण) कोट हे मात्र माझं खरं वेड. रंगात मिसळलेली माशांची अंडी, नक्षीत दुहेरी वळणाच्या रेषा. शिकाऱ्याला स्वप्नात दिसलेलं बायको कोटावर उतरवी, असं सांगतात. बाहुलीच्या अंगावर तसा चिमुकला कोट दिसला, तर पाठीवर जोडलेली कातड्याची त्रिकोणी कळी आधी शोधा.

इनू या तिथल्याच आणखी एका जमातीची चहा-बाहुली वेगळी. पोटात सुटा चहा भरून ती पोरांच्या हाती देत. वाटेत गरज पडली की पोट उसवायचं. तुम्ही मात्र कुतूहलापोटी उसवू नका. आणि पाणी तर लावूच नका, मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.