वॉरबँडमधला पहिला वेढा

अरे, 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' या गेममध्ये ७० जणांची फौज जमली की लगेच किल्ल्यावर धावू नकोस, सगळे नवीन इथेच मार खातात. मैदानात स्वेडिया राज्याचे नाइट्स (घोडेस्वार) भारीच, पण तटावर घोडा चालत नाही रे, तिथे नॉर्ड राज्याचे हस्कार्ल (पायदळ) हवेत, कुऱ्हाडी घेऊन शिडीवर चढले की बघतच राहशील!

- आर्टिमेनर हा साथीदार टॅव्हर्नमध्ये (दारूच्या गुत्त्यात) दिसला तर सोबत घेच, त्याच्या इंजिनिअर स्किलने शिड्या लवकर होतात.
- पहिला किल्ला शिडीवालाच निवड, तटाला लावायचा मनोरा बांधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रूचे लॉर्ड येऊन धडकतात.
- धान्य भरपूर ने.

जिंकल्यावर शिबंदी ठेवच, ऱ्होडॉक राज्याचे क्रॉसबोवाले बेस्ट, आणि किल्ल्यात पगारही अर्धाच लागतो. स्वतःचं राज्य वगैरे नंतर बोलू, आधी हा किल्ला घे.