घरातले जुने कागद मोडी लिपीत आहेत, वाचता कोणालाच येत नाही. घराण्याचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करू?

मोडी मलाही येत नाही. आमचं जे सापडलं ते एका मित्रामुळे. त्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात हौसेने मोडी शिकून घेतली होती आणि वाचायला कोणी कागद देत नाही म्हणून कुरकुरत होता. आमच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. जमलं.

त्याचा पहिला सल्ला तुम्हालाही देतो: सगळ्यात जुना कागद आधी उघडू नका. आपल्याकडे जो तो मूळपुरुष थेट शिवकाळात शोधायला निघतो. आजोबांपासून एकेक पिढी मागे जा. त्यासाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. खातेदार मयत झाला की वारसांची नावं तिथे चढतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर थोडी फी भरून मिळतात.

आमचे आजोबा मामाकडे वाढले. का, ते कोणी धड सांगत नसे. भावकीने जमिनीसाठी हाकललं, अशी कुजबुज मात्र होती. १९१९ च्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता (वयाने लहान वारसाचा पालक), म्हणून मामाचं नाव निघालं. मित्र म्हणाला, “भावकीचं राहू दे. आदल्या वर्षाचं कोतवाल बुक काढ.”

कोतवाल बुक म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. ती बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. नकलेसाठी अर्ज करायचा, वर कोर्ट फी स्टॅम्प. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरं राज्यभर उघडली गेली, काही जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावरही टाकली. आधी तिथे बघा, हेलपाटा वाचेल.

ऑक्टोबर १९१८ ची पानं आम्ही दोघांनी मिळून वाचली. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली न थांबता लिहीत जातात. एक शब्द कुठे संपला ते आपल्याला कळत नाही. मित्र बोट ठेवून सरकत होता. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप. त्याखाली ताप. त्याखालीही ताप. एरवी महिन्याला दोनचार नोंदी असणाऱ्या गावाची पानंच्या पानं भरली होती. ही मानमोडीची साथ, १९१८ चा इन्फ्लुएन्झा.

‘येसू कोम बाबाजी’ असं वाचून तो पुढे सरकला होता, कारण आडनाव नव्हतं. जुन्या नोंदींत बहुतेकदा नसतंच. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढ्यावरच भागतं. त्याला थांबवलं मी. आमच्याकडे पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला येसूच्या नावाने सवाष्ण जेवते. म्हणजे पणजी पणजोबांच्या आधी गेली. आणि खरंच, तिच्या खाली चार ओळी सोडून पणजोबा, पुढच्या पानावर त्यांचे दोन्ही भाऊ. पोराला हाकलणार कोण? भावकीच शिल्लक नव्हती.

म्हणून कागदांचे फोटो जाणकाराला पाठवून मोकळे होऊ नका, त्याच्या शेजारी बसा. लिपी त्याला कळते, नावं तुम्हाला. आणि जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून ठेवा: कोणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला, सवाष्ण कोणाच्या नावाने.

मोडी जाणणारा मित्र नसेल तर पुराभिलेख संचालनालयाचेही प्रशिक्षण वर्ग असतात, तिथे शिकलेली माणसं भेटतील. पेशवाईतल्या कागदावर शुहूर किंवा फसली या तेव्हाच्या कालगणनेतलं वर्ष असतं. इसवी सन काढायला शुहूरमध्ये ढोबळमानाने ५९९ मिळवा, फसली असेल तर ५९०. वर्ष मृगापासून सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे मध्ये आणखी एक.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यायांकडच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या, त्याही सोडू नका. तिथे आडनावासोबत मूळ गाव विचारतात, आता राहता ते नव्हे. आमचं पंढरपूर अजून बाकी आहे. मित्र म्हणतो आषाढी होऊ दे, त्या गर्दीत आपल्यासाठी वही कोण उघडणार?

आणि हो, कागद फाटलेले असले तरी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. सुती कापडात सैल बांधून ठेवा.