रेसिंगचं लायसन्स कुठल्या देशाचं? (आणि एसएमपीसारख्या प्रोग्रामची वाट बघावी का?)

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगी तेरा वर्षांची, राहणं फिनलंडमध्ये, पासपोर्ट भारतीय, कार्टिंगचे निकाल चांगले. लायसन्स इथलं घ्यावं की भारताचं, यावरून घरात दोन तट. आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असं, की घाई नको. रशियाच्या एसएमपी रेसिंगसारखा, तरुण चालकांना पैसा पुरवणारा एखादा प्रोग्राम पोरांना उचलतो आणि पुढचं तेच बघतात. आमच्या घरी मुलाच्या वेळी अगदी हाच वाद झाला होता, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी वकील नाही आणि नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे एफआयएचा (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) चालू वर्षाचा इंटरनॅशनल स्पोर्टिंग कोड स्वतः वाचा. कुठला क्लब, कुठली चेसी, कुठला ट्रॅक हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात शिरत नाही.

आधी प्रोग्रामचं. मिस्टरांना ही आशा का वाटते ते समजतं. रशियन उद्योगपती बोरिस रोटेनबर्ग यांच्या एसएमपी बँकेच्या पैशावर हा प्रकल्प उभा राहिला आणि काम खरोखर मोठं झालं. २०१५ पासून रशिया आणि फिनलंडच्या संघटनांना बरोबर घेऊन एसएमपी फॉर्म्युला ४ ही कार्टिंगनंतरच्या पहिल्या पायरीची मालिका चालली. तिथे नुसती रशियन मुलं नव्हती. पहिल्या वर्षी फिनलंडचा निको कारी जिंकला, २०१६ ला नेदरलँड्सचा रिचर्ड व्हर्सखोर, २०१७ ला डेन्मार्कचा ख्रिश्चन लुंडगार्ड. इथल्या पॅडॉकमध्ये तेव्हा प्रत्येक आईबापाच्या तोंडी तेच नाव असायचं. वरच्या पायरीवर २०१९ च्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत याच संघाची बीआर१ गाडी तिसरी आली. पेत्रोव्ह, अल्योशिन आणि व्हँडूर्न चालवत होते.

पण एसएमपीच्याच सर्गेई सिरोत्किन या रशियन चालकाचं काय झालं ते बघा. २०१३ मध्ये फॉर्म्युला १ च्या सॉबर संघाबरोबर नाव जोडलं गेलं, २०१४ ला सोचीत शुक्रवारच्या सरावात गाडी मिळाली, आणि पूर्ण हंगामाची सीट थेट २०१८ ला, विल्यम्स संघात. गाडी त्या वर्षीची सगळ्यात मागची. मोंझाच्या शर्यतीत एक गुण, तोही ग्रोजाँ हा दुसरा चालक बाद ठरल्यामुळे. हंगाम संपता संपता एसएमपीने विल्यम्सबरोबर पुढे न जायचं ठरवलं आणि त्याची सीट गेली. पोरगा वाईट चालवत होता असं मला तरी वाटत नाही. पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. शिष्यवृत्ती आणि प्रोग्राम यात हा फरक आहे, आणि सह्या करताना तो कोणी समजावून सांगत नाही.

आता लायसन्स. तुमचा खरा प्रश्न हाच आहे. मूळ देशाऐवजी दुसऱ्या देशाचं लायसन्स हवं असेल तर मूळ देशाच्या मोटर शर्यत संघटनेची संमती लागते आणि तिथलं कायमचं वास्तव्य दाखवावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना त्या देशात पूर्णवेळ शाळेत शिकत असल्याचा पुरावाही द्यावा लागतो. ऐकायला सोपं आहे. आमचं घोडं पेंड खाल्लं ते या शाळेच्या दाखल्यावर.

एक कार्यालय होतं. नाव घेत नाही, कुठल्या देशातलं तेही सांगत नाही. त्यांना दाखल्यावर गोल शिक्का आणि शाईची सही हवी. इथल्या शाळेने दाखला दिला तो डिजिटल. शिक्का नावाची वस्तूच त्यांच्याकडे नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी बिचाऱ्यांनी छापून त्यावर सही करून दिली, तर उत्तर आलं की पदनामाचा शिक्का नाही. मग म्हणाले भाषांतर आणा. भाषांतर दिलं तर म्हणाले, भाषांतर करणाऱ्याच्या सहीची खातरजमा कोण करणार? दर वेळी फोनवर वेगळा माणूस आणि वेगळी अट. लेखी द्या म्हटलं की, 'लेखी देण्याची पद्धत नाही.' नाही म्हणाले असते तर आम्ही त्याच आठवड्यात दुसरा रस्ता धरला असता. ते कधीच नाही म्हणाले नाहीत. 'प्रक्रियेत आहे' म्हणाले. तेवढ्यात नोंदणीची मुदत गेली, भरलेली फी गेली, आणि मुलाचं ज्युनियर गटातलं शेवटचं वर्षही गेलं. पैसे परत कमावता येतात हो. वयोगट परत येत नाही, आणि बघणारे लोक ज्युनियरचेच निकाल बघतात. आजही तो ईमेलचा फोल्डर उघडला की माझा रक्तदाब वाढतो.

म्हणून माझं मत, चुकत असेन तर इतरांनी सांगावं: इथलं लायसन्स घ्या, आणि कामाला शरद ऋतूतच लागा, फेब्रुवारीत नाही. प्रत्येक अट ईमेलवर मागा. फोनवर काही सांगितलं तर लगेच 'आपण आत्ता असं म्हणालात' असा ईमेल टाका. झेंड्याचं म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा की एफआयएच्या जागतिक अजिंक्यपदात चालकाचं राष्ट्रीयत्व पासपोर्टवरून धरतात, लायसन्सवरून नाही. भारत कुठे जात नाही.

या कागदाचं वजन किती, ते रॉबर्ट श्वार्ट्झमन या चालकाकडे बघून कळतं. जन्म तेल अवीवचा, वाढला सेंट पीटर्सबर्गला, एसएमपीच्या मदतीने वर आला. २०१९ ला प्रेमा नावाच्या संघाकडून एफआयए फॉर्म्युला ३ जिंकला. आपल्या मुंबईचा जहान दारुवाला त्याच संघात होता, तो तिसरा आला. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये एफआयएने रशियन चालकांना फक्त तटस्थ म्हणून, देशाच्या झेंड्याविना, उतरायची मुभा दिली. त्यासाठीच्या हमीपत्रावर सही करायला एसएमपीने नकार दिला आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींतून माघार घेतली. श्वार्ट्झमनकडे इस्रायलचा पासपोर्ट होता. तो इस्रायलच्या लायसन्सवर चालवत राहिला आणि २०२५ च्या अमेरिकेतल्या इंडी ५०० शर्यतीत पहिल्याच वर्षी पोल, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, घेतली. ज्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता, त्यांच्यापुढे तटस्थ होणं किंवा घरी बसणं एवढंच उरलं. त्या युद्धाबद्दल आणि त्या बँकेबद्दल माझी मतं कडक आहेत, पण पंधरा वर्षांच्या पोरांनी काय करायचं होतं, हा प्रश्न मला पडतोच.

तर मिस्टरांना सांगा, त्या दिशेला बघण्यात आता अर्थ नाही. फिनलंडची रशियाशी असलेली सीमासुद्धा २०२३ च्या अखेरीपासून बंद आहे.

जाता जाता, मुलीच्या हेल्मेटवर सीएमआरचं (मुलांच्या रेसिंग हेल्मेटच्या मानकाचं) लेबल आहे ना बघा. मोठ्यांचं जड हेल्मेट वाढत्या वयात मानेला वाईट, आणि सेकंडहँड तर घेऊच नका. शाळेच्या दाखल्याचा जो मसुदा शेवटी चालला तो माझ्याकडे आहे. हवा असेल तर निरोप टाका, पाठवतो.