फ्युनरल सर्व्हिसच्या डिग्रीला 40 हजार डॉलर घालू का?

"मावशी, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय 31, पुण्याची बी.कॉम., ग्रीन कार्ड आलंय, मुलगी चार वर्षांची. मागच्या वर्षी सासरे इथेच गेले. आम्हाला काहीच माहीत नव्हतं, पण अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल होममधल्या बाईंनी सगळं इतकं नीट सांभाळलं की तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय. एका प्रायव्हेट कॉलेजने सगळे मिळून 40 हजार डॉलर सांगितलेत, लोन मिळतंय. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, सासूबाई म्हणतात प्रेतांची डिग्री घेणारी सून नको. काय करू?" – एडिसनकर

अगं एडिसनकर, सासूबाईंचं नंतर बघू, आधी पैशाचं बोलू, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय.

तुला खरं म्हणजे डिग्री नकोय, लायसन्स हवंय. ते मिळतं कसं, तर कोर्स अमेरिकन बोर्ड ऑफ फ्युनरल सर्व्हिस एज्युकेशनने मान्य केलेला हवा, मग नॅशनल बोर्ड एक्झाम, तिचे आर्ट्स आणि सायन्सेस असे दोन भाग, आणि जोडीला लायसन्सवाल्या माणसाच्या हाताखाली इंटर्नशिप. महागड्या कॉलेजची पोरगी असो नाहीतर स्वस्त सरकारी कम्युनिटी कॉलेजची, परीक्षा तीच आणि तू फी किती भरलीस हे लायसन्स देणारं स्टेट बोर्ड विचारत नाही. मग 40 हजार कशाचे? लवकर उरकण्याचे असतील फार तर.

तुझ्यापासून लांब नाही, मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजात हाच कोर्स आहे! तुझं एडिसन मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) म्हणजे फी जास्त लागेल असं वाटेल, पण न्यू जर्सीत चार्जबॅक म्हणून एक सोय आहे, आपल्या काउंटीच्या कॉलेजात जो कोर्स नाही तो दुसऱ्या काउंटीत केला तर फीतला फरक आपली काउंटी भरते. फी भरायच्या आधी काउंटीच्या ऑफिसात जाऊन विचार. बी.कॉम.च्या मार्कशीटांचं इव्हॅल्युएशनही करून घे, इंग्लिश, अकाउंटिंग असले विषय परत करावे लागले नाहीत तर तेवढेच पैसे वाचले. आणि कुठल्याही कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांच्या मुलांचा नॅशनल बोर्ड एक्झामचा पास रेट बघ, तो जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. फोटोतल्या हसऱ्या मुलांपेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

आता हिशोब. सरकारी आकड्यांत फ्युनरल डायरेक्टरचा मधला पगार वर्षाला 50 हजार डॉलरच्या आसपास, मॅनेजर झालीस तर 75 हजारांच्या आसपास. 40 हजारांचं लोन 7 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतलंस तर महिन्याला साधारण 465 डॉलरचा हप्ता, आणि तो तू इंटर्न म्हणून तासाच्या पगारावर असतानाच बोकांडी बसणार. मला नाही पटत.

धंद्याचंही बघ. अमेरिकेत 2016 च्या सुमारास दहनाने दफनाला मागे टाकलं, आता 60 टक्क्यांच्या वर लोक दहन करतात. फ्युनरल डायरेक्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या आकड्यांत दफनाच्या फ्युनरलचा मधला खर्च 8,300 डॉलर आणि दर्शन ठेवून दहनाचा 6,280, नुसतं डायरेक्ट क्रिमेशन, म्हणजे दर्शन वगैरे न ठेवता थेट दहन, तर त्याहून कितीतरी स्वस्त. म्हणजे मालकाच्या हातात एका केसमागे कमी पैसे. म्हणून काम संपलंय असं नाही, म्हातारे मालक रिटायर होतायत, माणसं हवीच असतात, पण पगार फार उड्या मारतील अशी आशा धरू नकोस.

तुझी किंमत कुठे आहे ते सांगते. एडिसन, आयसलिनकडे आपली माणसं एवढी, त्यांना तोंडात तुळशीपत्र-गंगाजल घालायचं असतं, गुरुजी कधी येतील, बटण कोण दाबणार, आजच का नाही होत, असे शंभर प्रश्न असतात. बऱ्याच राज्यांत मृत्यूनंतर दहनाआधी 24 किंवा 48 तास थांबावंच लागतं, हे रडणाऱ्या माणसाला मराठीत, हिंदीत समजावणारी बाई मालकाला सोन्यासारखी. बॉडी भारतात पाठवायची तर डेथ सर्टिफिकेट, एम्बामिंगचं (बॉडी टिकावी म्हणून रसायन भरण्याचं) सर्टिफिकेट, कॉन्सुलेटचे कागद, सगळी धावपळ. हे तुला जमेल असं तुझ्या पत्रावरून वाटतं. फक्त हे गुण फुकटात देऊ नकोस, पगार ठरवताना तोंडाने सांग.

पण तुला त्या बाई दिसल्या त्या दिवसा, साडी-सूटमधल्या लोकांसमोर. रात्री दोनला फोन येतो, दोघांनी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून बॉडी खाली आणायची, ते तू पाहिलेलं नाहीस. न्यू जर्सीत फ्युनरल सांभाळण्याचं आणि एम्बामिंगचं लायसन्स एकच, त्यामुळे मी फक्त कुटुंबांशी बोलेन, एम्बामिंग नको, असं शिकताना चालत नाही. एम्बामिंगमध्ये फॉर्मॅल्डिहाइड नावाचं रसायन असतं, जास्त काळ एम्बामिंग करणाऱ्यांमध्ये ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका वाढलेला 2009 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसला होता, त्यामुळे व्हेंटिलेशन कसं आहे हे नोकरी धरताना बघायचंच, आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी डॉक्टरशी बोल.

म्हणून कॉलेजच्या आधी कुठल्यातरी फ्युनरल होममध्ये अटेंडंट म्हणून लाग, संध्याकाळी, वीकएंडला. दार उघडायचं, गाड्या लावायच्या, फुलं हलवायची, याला लायसन्स लागत नाही. सहा महिने टिकलीस आणि तरी जावंसं वाटलं तर फॉर्म भर. आणि नवऱ्याला सांग, "तुझं तू ठरव" एवढ्यावर सुटका नाही, रात्री फोन आला तर पोरीजवळ कोण, ते त्यानेच ठरवायचंय. त्याची नोकरी उद्या टेक्सासला गेली तर तुझं जर्सीचं लायसन्स तिथे आपोआप चालणार नाही, तेही दोघांनी बोलून ठेवा. भारतात परत यायचं मनात असेल तर हा कोर्स विसरच, इथे असलं लायसन्सच नाही, महापालिकेच्या स्मशानात पावती फाडली की झालं.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांचा नवरा जाऊन वर्षच झालंय, त्यांना आत्ता घरात प्रेत हा शब्दच नकोय असं मला वाटतं. वाद घालू नकोस. त्यांचा राग विटाळाचा आहे की त्या आठवणीचा, ते एकदा शांतपणे विचार, त्या बाईंनी आपल्या बाबांचं किती नीट केलं ते त्यांनीही बघितलंय. घरी आल्यावर अंघोळ करूनच स्वयंपाकघरात जाईन एवढं सांगितलंस तरी अर्धी कुरकुर कमी होईल, आणि तसंही ते काम करून आल्यावर अंघोळ करावीच लागते गं.